न्यू रूटमास्टर: लंडनची लो-फ्लोअर डबल डेकर आणि पुण्याने विचारायचे प्रश्न

पुण्यात डबल डेकरचा विषय निघाला की लंडनच्या लाल बसचा फोटो हमखास पुढे येतो. त्या फोटोतली बस बहुतेक वेळा न्यू रूटमास्टर असते. ती दिसते देखणी, आणि तिच्या रचनेत शिकण्यासारखं भरपूर आहे, चुकांमधून तर जास्तच. वारंवार येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत.

न्यू रूटमास्टर म्हणजे नेमकी कोणती बस?

उत्तर आयर्लंडमधल्या बॅलीमीना इथे राइटबस या कंपनीने फक्त लंडनसाठी बांधलेली दोन एक्सलची (चाकं बसवलेल्या आडव्या दांड्यांची), हायब्रिड म्हणजे डिझेल आणि वीज दोन्ही वापरणारी, लो-फ्लोअर डबल डेकर. बाह्यरूप हेदरविक स्टुडिओ या डिझाइन संस्थेचं. लांबी सुमारे ११.२ मीटर, रुंदी २.५२ मीटर, उंची ४.३९ मीटर. आसनं ६२: वर ४० आणि खाली २२. पहिली बस २७ फेब्रुवारी २०१२ रोजी व्हिक्टोरिया ते हॅकनी या ३८ क्रमांकाच्या मार्गावर धावली. जून २०१३ मध्ये २४ क्रमांकाचा संपूर्ण मार्ग या बसकडे आला. २०१७ पर्यंत सुमारे १,००० बस तयार झाल्या आणि मग उत्पादन थांबलं.

जुन्या रूटमास्टरशी हिचं नातं काय?

नाव आणि मागचा उघडा फलाट, एवढंच. जुनी रूटमास्टर १९५६ मध्ये सेवेत आली. तिचं इंजिन पुढे होतं, ड्रायव्हर वेगळ्या छोट्या केबिनमध्ये बसायचा आणि चढण्या-उतरण्याची जागा मागे, दाराविना. कंडक्टर आत फिरून तिकिटं द्यायचा. अशा २,८७६ बस बनल्या. नियमित सेवेतून ती ९ डिसेंबर २००५ रोजी, १५९ क्रमांकाच्या मार्गावरून गेली. व्हीलचेअरला तिच्यात प्रवेशच नव्हता, आणि ते तिच्या निवृत्तीचं एक मोठं कारण होतं.

मधल्या काळात लंडनने लांबलचक जोडबसही वापरून पाहिल्या. २००८ च्या महापौर निवडणुकीत बोरिस जॉन्सन यांनी त्या काढून नवी रूटमास्टर आणण्याचं वचन दिलं. म्हणजे या बसची रचना सुरू झाली ती एका वचनापासून: मागचा फलाट उघडा हवा. पुढे जे घडलं त्यातलं बरंचसं या एका अटीतून आलं आहे.

लो-फ्लोअर म्हणजे फरशी किती खाली?

आपल्याकडे शहरी बसचे ढोबळ तीन वर्ग आहेत: लो-फ्लोअर म्हणजे जमिनीपासून ४०० मिमी, सेमी-लो-फ्लोअर ६५० मिमी आणि त्यावर ९०० मिमीच्या उंच फरशीच्या बस. ४०० मिमीला दारात एकही पायरी लागत नाही, पाय उचलला की आत. ६५० ला एक पायरी येते, ९०० ला दोन तरी येतात. लंडनच्या बसची फरशी दाराशी पहिल्या वर्गातली आहे. शिवाय थांब्यावर एअर सस्पेन्शनच्या फुग्यांमधली हवा थोडी सोडून बस आणखी खाली बसवता येते. यालाच नीलिंग म्हणतात.

एक गोष्ट मात्र नेहमी तपासावी. लो-फ्लोअर म्हणून विकली जाणारी बस कुठवर लो-फ्लोअर आहे? अनेक बसमध्ये पुढच्या दारापासून मधल्या दारापर्यंतच सपाट फरशी असते, आणि मागच्या चाकांपाशी पायऱ्या सुरू होतात.

एकमजली बसला जे जमतं ते दुमजलीला अवघड का?

कारण उंचीला वरून मर्यादा आहे. एकमजली बसची फरशी ३० सेंटिमीटर वर गेली तर छतही तेवढं वर नेता येतं. दुमजलीत त्या उंचीत दोन मजले, मधली स्लॅबसारखी फरशी आणि छत बसवायचं असतं. खालची फरशी जेवढी वर, तेवढं कोणाच्या तरी डोक्यावरचं अंतर कमी.

ब्रिटनमध्ये ही अडचण जुनीच. कमी उंचीच्या पुलांखालून जाण्यासाठी पूर्वी वरच्या मजल्यावरची येण्याजाण्याची वाट एका कडेला खोल घ्यायचे. ती वाट खालच्या मजल्यात डोकावायची, त्यामुळे तिच्याखालच्या सीटवरून उठताना डोकं आपटायचं. १९४९ मध्ये ब्रिस्टल लोडेकाच्या पहिल्या नमुन्याने यावर उपाय काढला: मागचा एक्सल मध्यभागी खाली वाकवला, डिफरन्शियल (दोन्ही चाकांना जोर वाटणारी गिअरपेटी) बाजूला सरकवलं आणि फरशी खाली आणली. आजच्या लो-फ्लोअर बसचा पोर्टल एक्सलही त्याच विचाराचा. चाकाच्या हबजवळ गिअर देऊन एक्सलचा मधला भाग चाकाच्या केंद्राहून खाली घेतात, आणि त्यावरून सपाट वाट नेतात.

पण चाकं कुठे जाणार? ती आतच राहतात, मोठ्या पेटीसारख्या उंचवट्याखाली. त्यावर सीट ठेवल्या की त्या उंचावर येतात किंवा उलट्या तोंडाच्या होतात. त्यात जिना आला. एक जिना म्हणजे खालची चार-सहा आसनं सहज गेली. न्यू रूटमास्टरमध्ये जिने दोन आहेत. खाली फक्त २२ आसनं का, याचं उत्तर इथेच मिळतं.

मागे फलाट आहे, मग इंजिन कुठे?

या बसमधला सगळ्यात हुशार भाग हाच. नेहमीच्या लो-फ्लोअर डबल डेकरचं इंजिन अगदी मागे असतं. इथे मागे माणसं चढणार, त्यामुळे ती जागा बंद. पुढे ड्रायव्हर, दार आणि जिना. तळाखाली तर काहीच मावत नाही.

सिरीज हायब्रिडमुळे मार्ग निघाला. या पद्धतीत डिझेल इंजिन चाकं फिरवत नाही, ते फक्त जनरेटर चालवतं. चाकं विजेच्या मोटरवर फिरतात, आणि ब्रेक लावताना तीच मोटर वीज परत बॅटरीत भरते. इंजिन आणि एक्सल यांच्यामध्ये दांडा नाही, फक्त केबल. म्हणून इंजिन हवं तिथे ठेवता येतं. ४.५ लिटरचं चार सिलिंडरचं कमिन्स इंजिन मागच्या जिन्याखाली गेलं आणि बॅटऱ्या पुढच्या जिन्याखाली. जिन्याखालची एरवी वाया जाणारी पोकळी अशी कामाला आली.

याची किंमत मेकॅनिकला मोजावी लागते. जिन्याखाली कोंबलेल्या इंजिनाभोवती हात घालायला जागा कमी. उष्णताही तिथेच साठते, त्यामुळे हवेचा मार्ग आणि इन्सुलेशन शाबूत ठेवणं हे तिथलं रोजचं काम होऊन बसतं.

बॅटऱ्यांचा काय गोंधळ झाला होता?

२०१५ च्या उन्हाळ्यात उघड झालं की सुमारे ८० बसच्या बॅटऱ्या सदोष निघाल्या आहेत आणि त्या बस केवळ डिझेलवर चालत आहेत. बॅटऱ्या हमीखाली बदलण्यात आल्या.

यातलं तांत्रिक दुखणं समजून घेण्यासारखं आहे. हायब्रिड बसचं इंजिन मुद्दाम लहान घेतात, कारण थांब्यावरून उठतानाचा जोर बॅटरी देणार असते. बॅटरी गेली की ते लहान इंजिन सगळा भार एकटं ओढतं, थांब्यावरही बंद होत नाही आणि ब्रेकमधून परत मिळणारी वीज साठवायला जागाच उरत नाही. म्हणजे इंधन, धूर आणि आवाज, तिन्ही वाढतात. प्रवाशाला ओळखण्याची खूण सोपी: चांगली हायब्रिड बस थांब्यावर बऱ्याचदा गप्प असते. प्रत्येक थांब्यावर इंजिन धडधडत असेल तर बॅटरीची तपासणी हवी.

उकाड्याबद्दल एवढी ओरड का झाली?

पुणेकरांनी हे उत्तर नीट वाचावं. सुरुवातीच्या बसच्या खिडक्या उघडतच नव्हत्या. हवा थंड करणारी यंत्रणा होती, पण तिचा जोर पूर्ण वातानुकूलनाएवढा नव्हता. वरच्या मजल्यावर तिन्ही बाजूंनी काच, डोक्यावर तापणारं छत, मागे जिन्याखाली इंजिन. २०१३ च्या उन्हाळ्यात वरचा मजला ३० अंशांच्या आसपास गेला आणि वर्तमानपत्रांनी बसला ‘रोस्टमास्टर’ म्हणायला सुरुवात केली. अखेर सप्टेंबर २०१५ मध्ये उघडणाऱ्या खिडक्या बसवण्याचा निर्णय जाहीर झाला. खर्च सुमारे २० लाख पौंड.

चूक एका भागात नव्हती, भागांच्या मेळात होती. बंद खिडक्या चालतात, जर थंड हवा पुरेशी असेल. थंड हवा पुरते, जर दारं पटकन बंद होत असतील. इथे तीन दारं, त्यातलं एक काही मार्गांवर दिवसभर उघडं. गार हवा जड असते, ती जिन्यावरून खाली उतरते आणि दारातून निघून जाते. गरम हवा वर चढून वरच्या मजल्यावर अडकते.

लंडनमध्ये ३० अंशांवर ही अवस्था. पुण्यात एप्रिल-मेमध्ये पारा ४० च्या आसपास पोचतो. इथे येणाऱ्या कोणत्याही डबल डेकरची चाचणी दुपारी दोन ते चारमध्ये, भर उन्हात, वरचा मजला भरून आणि नेहमीसारखे थांबे घेत व्हायला हवी. सकाळी सातला रिकामी बस फिरवून एसीबद्दल काहीच कळत नाही. आणि एसी बंद पडला तर उघडता येतील अशा काही खिडक्या वर असल्याच पाहिजेत.

तीन दारं आणि दोन जिन्यांचा फायदा झाला का?

थांब्यावरचा वेळ वाचतो, यात शंका नाही. डबल डेकरचा खरा वेळखाऊ भाग जिना आहे. उतरणारे आणि चढणारे समोरासमोर आले की दोघंही अडतात. दोन जिने असले की वर जाणाऱ्यांना एक आणि खाली येणाऱ्यांना दुसरा मिळतो.

पण तिन्ही दारांतून चढू दिलं की तिकीट कोण पाहणार? लंडनमध्ये प्रत्येक दाराशी कार्ड टेकवण्याची यंत्रं होती, जुलै २०१४ पासून रोख पैसेही बंद झाले. तरी मागून चढणारे सगळेच कार्ड टेकवत नव्हते. फुकट्या प्रवाशांचं प्रमाण पुढच्या दारानेच चढावं लागणाऱ्या बसपेक्षा दुपटीहून जास्त निघालं. २०२० पासून या बसमध्येही फक्त पुढच्या दाराने चढायचा नियम लागू होत गेला.

मग मागचा उघडा फलाट?

तो त्याआधीच मिटला. फलाट उघडा ठेवायचा तर तिथे दुसरा कर्मचारी उभा हवा. हा कर्मचारी तिकिटं देत नव्हता, फक्त लोक सुरक्षित चढ-उतार करतात हे पाहायचा. बऱ्याच मार्गांवर तो पहिल्यापासून नव्हताच, तिथे मागचं दार इतर दारांसारखंच थांब्यावर उघडायचं. सप्टेंबर २०१६ मध्ये हे कर्मचारी काढून घेतले. वर्षाला सुमारे १ कोटी पौंड वाचतील असा हिशेब होता.

आमच्या मते या बसच्या इतिहासातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट ही आहे. ज्या फलाटासाठी इंजिन हलवलं, दुसरा जिना घेतला, खालची आसनं गमावली आणि गार हवा घालवली, तो फलाट साडेचार वर्षांत बंद दार होऊन बसला. चौदा-पंधरा वर्षं चालायच्या बसचा सांगाडा अशा गोष्टीभोवती बांधू नये जी एका परिपत्रकाने बंद होऊ शकते. तिकीट कसं घेणार हे आधी ठरवावं, दारं त्यानंतर.

पुण्याच्या पीएमपीएमएल बससेवेत तर कंडक्टर आहेच. मग हा प्रश्न आपल्याला का पडावा?

कंडक्टर आहे, पण मजले दोन होतात. मशीन घेऊन तो वर गेला की खाली चढलेल्यांचं तिकीट राहतं, आणि जिन्यावर उभे प्रवासी असतील तर त्याला वर-खाली करताच येत नाही. दोन कंडक्टर दिले तर प्रति फेरी खर्च वाढतो. मुंबईत बेस्टच्या जुन्या डबल डेकरवर दोन वाहक लागायचे, आणि त्या महाग पडण्याचं ते एक कारण होतं. मोबाइलवरचं तिकीट आणि पास जेवढे वाढतील तेवढा हा भार हलका होईल. तोवर निदान जिना मोकळा ठेवण्याचा आणि वर उभं न राहू देण्याचा नियम कडक हवा.

वर उभं राहायला बंदी का असते? बस उलटेल म्हणून?

अंशतः. ब्रिटनमध्ये डबल डेकरची चाचणी वरचा मजला भरलेला आणि खालचा रिकामा धरून घेतात, आणि २८ अंशांपर्यंत कलवूनही ती उलटता कामा नये. एवढा कल रस्त्यावर कधीच येत नाही. इंजिन, एक्सल, बॅटऱ्या असं सगळं जड सामान खाली असल्याने बस दिसते तितकी डोलकर नसते. वर उभं राहण्यातला मुख्य धोका ब्रेकचा आहे. वर छत बुटकं, धरायला कमी, आणि जोरात ब्रेक लागला की उभा माणूस थेट जिन्यात पडू शकतो.

खाली किती उभे राहू शकतात हे मात्र वजन ठरवतं. ही बस आली तेव्हा ब्रिटनमध्ये दोन एक्सलच्या बसला १८ टनांची मर्यादा होती. एक प्रवासी ६८ किलोचा धरला तर बसचं स्वतःचं वजन एका टनाने वाढलं की चौदा-पंधरा प्रवासी कमी होतात. दुसरा जिना, तिसरं दार, मोठ्या काचा आणि बॅटऱ्या यांचं वजन असं उभ्या प्रवाशांच्या संख्येतून वजा होतं.

ही बस दुसऱ्या शहरांनी का घेतली नाही?

ती लंडनच्या मापाने शिवलेली होती. तीन दारं आणि दोन जिने इतर शहरांना नको होते. लंडनमध्ये एरवी बस चालवणाऱ्या कंपन्या स्वतःच्या बस आणतात, कंत्राट संपलं की दुसऱ्या गावी विकतात किंवा नेतात. ही बस बाहेर खपणार नाही हे दिसत असल्याने लंडनच्या वाहतूक संस्थेलाच ती विकत घ्यावी लागली. पहिल्या ६०० ची किंमत प्रत्येकी सुमारे साडेतीन लाख पौंड होती. राइटबसने आखूड, एक जिना आणि दोन दारांची आवृत्तीही काढली. तिच्या सहाच बस झाल्या.

आपल्याकडे मिळणारी डबल डेकर यापेक्षा कशी वेगळी आहे?

अशोक लेलँडच्या गटातल्या स्विच कंपनीची ईआयव्ही २२ ही बस ऑगस्ट २०२२ मध्ये मुंबईत दाखवण्यात आली, आणि २१ फेब्रुवारी २०२३ पासून बेस्टने ती सीएसएमटी ते एनसीपीए मार्गावर चालवली. पूर्ण विजेवर, २३१ किलोवॅट-तासांची बॅटरी, पूर्ण वातानुकूलित, पासष्टच्या आसपास आसनं. दोन दारं आणि दोन जिने आहेत, पण उघडा फलाट नाही. फरशी सेमी-लो-फ्लोअर वर्गातली. पुण्यातही २०२५ मध्ये हिंजवडी भागात अशा बसच्या चाचणी फेऱ्या झाल्या.

उंचीचा फरक ध्यानात ठेवा. आपल्या मोटार वाहन नियमांत दुमजली बसला ४.७५ मीटरपर्यंत मुभा आहे. लंडनची बस त्याहून ३६ सेंटिमीटर बुटकी. मोकळ्या रस्त्यावर हा फरक दिसत नाही, फांदीखाली दिसतो.

पुण्यात मार्ग ठरवताना उंची कशी मोजावी?

पुलावर लावलेल्या उंचीच्या पाटीवर विसंबू नये. पाटी लागल्यानंतर रस्त्यावर डांबराचे थर चढलेले असतात. एकेक थर पाच सेंटिमीटरचा धरला तर तीन थरांत पंधरा सेंटिमीटर गेले.

टेम्पोवर उभा बांबू किंवा पीव्हीसी पाइप बांधून त्याचं टोक जमिनीपासून बरोबर ५.२५ मीटरवर आणावं, म्हणजे बसच्या वर अर्धा मीटर मोकळा राहील. टोकाला आडवी काठी हवी, बसच्या रुंदीपेक्षा दोन्हीकडे ३० सेंटिमीटर जास्त. कारण बस सरळ उभी नसते. रस्त्याला कडेकडे अडीच टक्के उतार असला तर ४.७५ मीटर उंचीवर बसचा माथा डावीकडे सुमारे १२ सेंटिमीटर झुकतो. त्यात डावं चाक पाच सेंटिमीटरच्या खड्ड्यात गेलं की आणखी ११ सेंटिमीटर. म्हणजे खाली फुटपाथपासून बस सुरक्षित अंतरावर असताना वरचा कोपरा झाडाच्या बुंध्याला किंवा दिव्याच्या खांबाला घासतो. डबल डेकरच्या फुटलेल्या काचा बहुधा पुढच्या डाव्या कोपऱ्यातल्या असतात, त्या यामुळेच.

टेम्पो डाव्या लेनमधून, थांब्यांच्या खाचांत शिरत, दोन्ही दिशांना चालवावा. मोजणी एकदा उन्हाळ्यात आणि एकदा जुलैच्या शेवटी करावी. पावसात पालवी फुटून फांद्या वजनाने खाली येतात, वडाच्या पारंब्या वाढतात. रस्ता ओलांडणाऱ्या केबलच्या वायरी ही पुण्यातली वेगळी डोकेदुखी आहे. त्या आज वर असतात, उद्या लोंबतात, त्यामुळे त्यांची पाहणी दर आठवड्याला लागेल. नव्या उड्डाणपुलांखाली आणि मेट्रोच्या मार्गाखाली सहसा अडचण नाही, जुने रेल्वेपूल आणि भुयारी मार्ग मात्र एकेक करून तपासावेत.

गणेशोत्सवातले मांडव आणि कमानी हा वेगळा विषय. २०२१ मध्ये लकडी पुलावरच्या मेट्रोच्या गर्डरमुळे मिरवणुकीतल्या उंच देखाव्यांचं काय होणार, यावर केवढा वाद झाला होता. डबल डेकरचं उलटं आहे: कमान आडवी आली की बसला मार्ग बदलावा लागेल, आणि पर्यायी मार्गही आधीच मोजलेला हवा.

स्पीडब्रेकरवर फरशी घासणार नाही का?

प्रमाणित स्पीडब्रेकर ३.७ मीटर रुंद आणि मध्ये १० सेंटिमीटर उंच असतो. त्यावरून लो-फ्लोअर बस सावकाश जाते. त्रास होतो तो गल्लीबोळात रातोरात घातलेल्या अरुंद, उंच उंचवट्यांचा. त्यावर बसचा पुढच्या चाकांपुढे आलेला भाग किंवा पोट टेकतं. नीलिंग केलेली बस थांब्यावरून पुन्हा पूर्ण उंचीवर येण्याआधीच निघाली तर प्रमाणित स्पीडब्रेकरही लागू शकतो. ड्रायव्हरने डॅशबोर्डवरचा दिवा विझेपर्यंत थांबावं. तोच नियम पावसात साचलेल्या पाण्याला: बस पूर्ण उंचीवर, वेग चालण्याएवढा, आणि पाणी फरशीपर्यंत असेल तर आत घालूच नये.

बीआरटीच्या, म्हणजे बससाठी राखीव, मार्गात डबल डेकर चालेल?

जिथे बीआरटीची स्थानकं रस्त्याच्या मध्यभागी आहेत, तिथे फलाट उंच आणि बसची दारं उजवीकडे लागतात. लो-फ्लोअर बसची फरशी फलाटाच्या खाली राहते आणि दारं डावीकडे असतात. अशा बसला मार्गिकेत घालण्याचा खटाटोप करू नये. फुटपाथला लागून थांबे असलेले, रुंद, कमी वळणांचे आणि लांब अंतरावर थांबे असलेले मार्गच तिच्यासाठी योग्य.

व्हीलचेअरसाठी सोय कशी असते?

न्यू रूटमास्टरमध्ये मधल्या दाराला विजेवर सरकणारा रॅम्प आहे आणि समोरच व्हीलचेअरची जागा. रॅम्प बाहेर येण्यासाठी बस फुटपाथला अगदी लागून आणि समांतर उभी राहावी लागते. थांब्यापुढे रिक्षा किंवा दुचाकी उभी असेल तर बस रस्त्याच्या मध्ये थांबते, रॅम्प थेट रस्त्यावर टेकतो आणि चढ इतका तीव्र होतो की मदतीशिवाय खुर्ची वर जात नाही. बसबरोबर थांब्याच्या पुढे-मागे मोकळी ठेवलेली जागा आणि २० सेंटिमीटरपेक्षा उंच नसलेला फुटपाथ, दोन्ही लागतात.

फोटोत ही बस पटकन कशी ओळखायची?

काच पाहा. पुढच्या काचेची खालची कड तिरकी आहे, फुटपाथच्या बाजूला ती खूप खाली उतरते. दाराजवळ उभं असलेलं लहान मूल ड्रायव्हरला दिसावं म्हणून ती तशी घेतली आहे. बाजूने पाहिलं तर जिन्याच्या चढाबरोबर तिरकी जाणारी काचेची पट्टी दिसते, एक पुढे आणि एक मागे. आणि बसच्या अंगावरचा क्रमांक एलटी या अक्षरांनी सुरू होतो.